टर्मिनलवरची पत्त्यांची वही : एबुकमध्येच राहावं की खार्डकडे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेल मट या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, चालणाऱ्या मेल प्रोग्राममध्ये वाचता, पत्ते दोनेक वर्षं एबुक या पत्त्यांच्या वहीच्या प्रोग्राममध्ये ठेवता, नावं बाराशेच्या आसपास आणि त्यातली निम्मी देवनागरीत. आता तीन ठिकाणी अडतंय. एकाच माणसाचे दोन मोबाइल नंबर नीट बसत नाहीत. फोनमधली यादी एकीकडे आणि लॅपटॉपवरची दुसरीकडे चालली आहे. आणि मराठी नावं शोधली की कधी सापडतात, तर कधी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. एबुकच ताणून वापरावं की दुसरं काही घ्यावं, असं तुम्ही विचारलंत.

खार्डकडे जा, म्हणजे टर्मिनलवरच्याच दुसऱ्या पत्त्यांच्या वहीच्या प्रोग्रामकडे. पण त्यामागचं कारण नीट समजून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा पडेल. प्रोग्राम कोणता हा मुद्दा दुय्यम आहे. तुमची माणसं तुमच्या डिस्कवर कोणत्या रूपात राहतात, हा खरा मुद्दा. दर माणसामागे एक साधी मजकुराची फाईल, आणि ती फाईल जगातला कुठलाही फोन किंवा मेल प्रोग्राम वाचू शकेल अशी. एवढं जमलं की वरचा प्रोग्राम कधीही बदलता येतो.

आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या रोमनमध्ये आणि सगळ्या लहान अक्षरांत. एबुक म्हणजे 'ए' या अक्षराला जोडून 'बुक', खार्ड म्हणजे के-एच-ए-आर-डी.

आधी एबुकबद्दल, कारण त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. मी स्वतः अनेक वर्षं तेच वापरलं. तो मटच्या जोडीने वापरण्यासाठीच लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे. 'ए' दाबलं की नवं नाव, तिरकी रेघ दाबली की शोध, 'क्यू' दाबलं की बाहेर. जुन्यातल्या जुन्या मशीनवरही क्षणात उघडतो. सगळी माहिती होम फोल्डरमधल्या डॉट-एबुक डिरेक्टरीत ॲड्रेसबुक नावाच्या एकाच फाईलमध्ये असते. चौकटी कंसात एक क्रमांक, खाली नेम, ईमेल, मोबाइल अशा ओळी, मग पुढचा क्रमांक. वाचायला सोपी, पण ही रचना एबुकची स्वतःची आहे. तुमचा फोन ती ओळखत नाही. मोबाइलसाठी जागा एक. एबुकआरसी या सेटिंगच्या फाईलमध्ये 'फील्ड' लिहून दुसऱ्या मोबाइलचा रकाना बनवता येतो, मीही बनवला होता, पण त्या रकान्याचा अर्थ फक्त माझ्या एबुकला कळत होता. शिवाय सगळं एका फाईलमध्ये असल्यामुळे दोन मशीनवर वेगवेगळे बदल झाले की जुळवणी हाताने.

खार्ड याच्या उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. त्याची स्वतःची अशी फाईलची रचनाच नाही. तो व्हीकार्ड, म्हणजे संपर्काच्या माहितीचं सगळीकडे चालणारं प्रमाण रूप, वाचतो आणि लिहितो, एका माणसाची एक व्हीसीएफ फाईल. व्हीकार्डची २.१ ही आवृत्ती १९९६ची, ३.० ही १९९८ची आणि ४.० ही २०११ची. त्याच २०११ साली ही कार्डं सर्व्हरवर ठेवून वेगवेगळ्या उपकरणांशी जुळवण्याचा कार्डडॅव्ह हा प्रमाण नियमही आला. खार्ड ३.० आणि ४.० दोन्ही चालवतो. तुम्ही कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, ३.० ठेवा, कारण फोन आणि सर्व्हर यांच्याशी तिची कटकट सगळ्यात कमी.

खार्डची मांडणी अशी : कॉन्फिग फाईलमध्ये ॲड्रेसबुक्स हा विभाग, त्यात प्रत्येक वहीचं नाव आणि तिच्या डिरेक्टरीचा मार्ग. मी तीन वह्या ठेवतो, घर, काम आणि गाव. त्याहून जास्त करू नका. बारीक गट करायचे तर कार्डातल्या कॅटेगरीज या ओळीत लिहा, म्हणजे एकच माणूस दोन गटांत असू शकतो. एका वहीतून दुसरीत न्यायचं तर 'खार्ड मूव्ह' आहेच.

'खार्ड न्यू' म्हटलं की तुमच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एक साचा उघडतो. पहिलं नाव, मधलं, आडनाव, टोपणनाव, संस्था, पद, फोन, ईमेल, पत्ता, टीप असे रकाने असतात. भरा, सेव्ह करा, बाहेर या. फोनखाली सेल, होम, वर्क अशा हव्या तितक्या ओळी घालता येतात, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न इथेच मिटतो. साचा यामल या मजकुराच्या रचनेत असतो, म्हणून आतल्या ओळींना टॅब नको, स्पेसच द्या. आणि टिपेत कोलन आणि त्यानंतर जागा असं काही लिहायचं असेल तर मजकूर अवतरणात घ्या. सुरुवातीला चुकतं ते इथे.

या रकान्यांबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण बाराशे नावं हलवताना ती नीट लावायची संधी पुन्हा मिळत नाही. व्हीकार्डमध्ये नावाचे पाच भाग असतात : आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. आपल्याकडची नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत त्यात जशीच्या तशी बसते. मधलं नाव भराच. एकाच गावात तीन संजय पाटील असतात आणि मधलं नाव नसेल तर पाच वर्षांनी तुम्हालाच कळत नाही कोण कोणता. उपाधीचा रकाना 'डॉ.', 'ॲड.', 'प्रा.' यांच्यासाठी. फोनमध्ये आपण सगळेच 'रमेश प्लंबर' असं लिहितो. इथे रमेश नावात आणि प्लंबर हे काम रोल या रकान्यात लिहा. 'खार्ड लिस्ट प्लंबर' म्हटलं तरी तो सापडतो, आणि त्याला मेल किंवा निरोप जाताना नावापुढे प्लंबर चिकटून जात नाही. माहेरचं आडनाव टिपेत. घरी ज्या नावाने हाक मारता ते टोपणनावात, आक्का, बंडू, भाऊकाका, जे असेल ते. शोध तिथेही लागतो, आणि खरं सांगायचं तर मी निम्म्या नातेवाइकांना त्याच नावाने शोधतो.

वाढदिवस वर्ष-महिना-दिवस असा लिहायचा. वर्ष माहीत नसेल तर नुसता महिना आणि दिवस ठेवण्याची सोय फक्त ४.० मध्ये आहे. त्या मोजक्या माणसांसाठी मी टिपेत लिहितो. जुन्या पिढीतल्या अनेकांना जन्माची तारीख नाही, तिथी माहीत असते, तीही टिपेतच जाते. बाकीच्यांसाठी 'खार्ड बर्थडेज' महिना आणि दिवसाच्या क्रमाने यादी देतो. दर रविवारी सकाळी मी ती एकदा पाहतो.

फोन नंबर सगळे अधिक-९१ लावून ठेवा, एकही अपवाद नको. शहराच्या कोडातलं पुढचं शून्य काढायचं, म्हणजे पुण्याचा लँडलाइन नंबर अधिक-९१, मग २०, मग उरलेले आठ आकडे. ०२० तसंच ठेवून त्याआधी ९१ लावलेले नंबर मी अनेकांच्या यादीत पाहिले आहेत, ते परदेशातून लागत नाहीत. मोबाइलपुढचं शून्यही काढा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य दाबावं लागतं, म्हणून काहींनी ते यादीतच लिहून ठेवलं. ते डायल करतानाचं शून्य आहे, नंबराचा भाग नव्हे.

आता स्थलांतर. एबुकमध्ये कन्व्हर्ट हा पर्याय आहे. आतला फॉरमॅट एबुक, बाहेरचा व्हीकार्ड, आतली फाईल आणि बाहेरची फाईल एवढं दिलं की बाराशे कार्डांची एक लांबलचक व्हीसीएफ मिळते. ती खार्डच्या डिरेक्टरीत तशीच टाकू नका, तिथे दर फाईलमध्ये एकच कार्ड हवं. आणि 'खार्ड न्यू'लाही ती देता येत नाही, तो यामलचा साचा मागतो. त्यामुळे ती फोडावी लागते. 'बिगिन कोलन व्हीकार्ड' अशी ओळ आली की नवी फाईल सुरू, एवढं सांगणारी ऑक या मजकूर कापण्याच्या आज्ञेची एक ओळ पुरते. मग व्हीडिरसिंकर या याद्या जुळवणाऱ्या प्रोग्रामची 'रिपेअर' ही आज्ञा चालवा, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. प्रत्येक कार्डाला स्वतःची एक ओळख, म्हणजे यूआयडी लागते. जिथे ती नसेल तिथे रिपेअर ती घालून देते. पुढची सगळी जुळवाजुळव या ओळखीवर चालते, नावावर नाही.

हे करण्याआधी एबुकची मूळ फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि फोनला हातही लावू नका.

फोनकडे वळताना एक खास आपल्या लिपीची अडचण येते. अँड्रॉइडच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमधून यादी एक्स्पोर्ट केली की बहुतेक वेळा २.१ आवृत्तीची फाईल मिळते. इंग्रजी नावं तिच्यात साधी दिसतात. मराठी नावं मात्र कोटेड-प्रिंटेबल या जुन्या पद्धतीने लिहिलेली असतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. 'स' म्हणजे ई०, ए४, बी८. कोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक बाइटापुढे बरोबरचं चिन्ह लागतं, म्हणजे एकट्या 'स'साठी नऊ अक्षरं. 'सरस्वती'मध्ये मात्रा आणि हलन्त धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे फाईलमध्ये त्रेसष्ट अक्षरं. ओळ लांबली की ती मध्येच तोडून शेवटी आणखी एक बरोबरचं चिन्ह. ही फाईल खार्डला देऊ नका. ती त्याच्या आवृत्त्यांमध्येच बसत नाही.

सोपा मार्ग असा. एक कार्डडॅव्ह सर्व्हर लागेल. नेक्स्टक्लाउड हा स्वतः चालवायचा क्लाउड असेल तर त्यात सोय आहेच. नसेल तर रॅडिकेल हा पायथनमधला छोटा सर्व्हर घरच्या जुन्या मशीनवरही आरामात चालतो, मी तोच वापरतो. फोनवर डॅव्ह-एक्स-फाइव्ह हे ॲप घ्या. ते प्ले स्टोअरवर विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानात मोफत आहे. त्यात तुमच्या सर्व्हरचं खातं जोडा. मग फोननेच काढलेली ती २.१ची फाईल फोनलाच इम्पोर्ट करायला द्या, पण या वेळी 'कुठे साठवू' असं विचारल्यावर हे नवं खातं निवडा. फोनला स्वतःची फाईल वाचता येते. ॲप ती कार्डं सर्व्हरवर पाठवताना नव्या आवृत्तीत लिहितं, आणि मराठी नावं सरळ मराठीत येतात. सिमवर आणि नुसत्या फोनच्या मेमरीत पडलेली नावंही याच वाटेने न्या. तिथे ठेवलेली नावं फोनबरोबर जातात.

लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यामधला हमाल म्हणजे व्हीडिरसिंकर. त्याच्या कॉन्फिगमध्ये दोन साठे सांगायचे, एक तुमची डिरेक्टरी आणि दुसरा कार्डडॅव्ह, आणि त्या दोघांची जोडी लावायची. एकदा 'डिस्कव्हर', मग दर वेळी 'सिंक'. पासवर्ड फाईलमध्ये उघडा लिहू नका. 'पास'सारख्या पासवर्ड मॅनेजरकडून तो मागवून घेण्याची सोय त्यात आहे. मी टायमर लावून दर पंधरा मिनिटांनी सिंक चालवतो. गूगलच्या कॉन्टॅक्ट्सशी थेट जोडता येतं, पण त्यासाठी गूगलच्या डेव्हलपर कन्सोलमध्ये जाऊन स्वतःची क्लायंट आयडी आणि गुप्त किल्ली बनवावी लागते. जमतं, कंटाळवाणं आहे.

दोन्हीकडे एकाच वेळी एकाच कार्डात बदल झाला तर काय करायचं, हेही आधीच सांगावं लागतं. 'ए जिंकेल' किंवा 'बी जिंकेल' असं लिहिता येतं. तसं लिहू नका. तिथे विमडिफसारखी आज्ञा द्या, म्हणजे दोन्ही कार्डं शेजारी शेजारी उघडतील आणि निर्णय तुम्ही घ्याल. वर्षातून चार-पाचदाच असं होतं.

व्हीडिरसिंकरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा एक नकार. एका बाजूची यादी आधी भरलेली होती आणि आता पूर्ण रिकामी दिसते आहे, असं त्याला आढळलं की तो थांबतो. खरंच दोन्हीकडचं सगळं पुसायचं असेल तर मला वेगळं, जोर देऊन सांगा, असं म्हणतो. सर्व्हर नव्याने बसवताना किंवा डिस्क जोडायची राहून गेली असताना या एका नकाराने लोकांच्या याद्या वाचल्या आहेत. पण तो पूर्ण रिकाम्या यादीलाच अडतो. बाराशेपैकी चाळीस नावं गेली तर ती तुम्हीच काढली असं समजून तो निमूटपणे दुसरीकडूनही काढतो.

माझ्या बाबतीत नेमकं तेच घडलं. फोन बदलल्यावर नव्या फोनमधल्या एका ॲपने 'सारखी नावं आढळली, जोडू का?' असं विचारलं. मी घाईत होतो, हो म्हटलं. माझ्या गावाकडच्या वहीत एकाच घरातल्या बापलेकांचा, सासू-सुनांचा लँडलाइन नंबर एकच असतो, आणि आडनाव तर एकच असणारच. ॲपने नंबर आणि आडनाव पाहिलं आणि माणसं एकमेकांत विरघळवली. वारलेल्या एका काकांचं कार्ड त्यांच्या मुलाच्या कार्डात गेलं. त्या काकांच्या टिपेत मी त्यांनी सांगितलेली आमच्या शेताच्या वाटणीची हकीकत लिहून ठेवली होती. पंधरा मिनिटांत हा सगळा गोंधळ लॅपटॉपवर उतरला.

वाचलो ते गिटमुळे, म्हणजे फाईलींचे बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्राममुळे. ज्या डिरेक्टरीत कार्डं आहेत ती माझी गिटची रिपॉझिटरी आहे आणि सिंकच्या आधी आणि नंतर आपोआप कमिट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, होतं. संध्याकाळी 'गिट लॉग' पाहिला तर एकाच कमिटमध्ये सदतीस फाईली गेलेल्या आणि वीस-एक बदललेल्या. आदल्या कमिटमधून त्या सगळ्या परत आणल्या आणि पुन्हा सिंक केलं. व्हीडिरसिंकरला त्या लॅपटॉपवर नव्याने आलेल्या फाईली वाटल्या, त्याने त्या सर्व्हरवर चढवल्या आणि फोनवरही माणसं परत आली. काकांचं कार्ड आज जागेवर आहे. एक माणूस एक फाईल असल्यामुळेच नेमकं कोण गेलं ते नावानिशी दिसलं. एबुकच्या एका मोठ्या फाईलमध्येही गिट चालतं, पण तिथे क्रमांक सरकतात आणि फरक वाचता वाचता डोकं फिरतं.

म्हणून पहिल्या दिवशीच 'गिट इनिट' करा, पहिल्या सिंकच्याही आधी. ही रिपॉझिटरी बाहेर कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी ढकलू नका. त्यात तुमची नव्हे, दुसऱ्यांची माहिती आहे. डिरेक्टरीला परवानगी फक्त तुमची, आणि लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. आणखी एक, कार्डात फोटो असेल तर तो मजकुराच्या रूपात फाईलमध्येच शिरतो, आणि दोन केबीचं कार्ड दोनशे केबीचं होतं. मी सगळे फोटो काढून टाकले.

खरोखरच जुळी कार्डं असतील तर ती जोडायला 'खार्ड मर्ज' आहे. तो दोन कार्डं समोरासमोर उघडतो आणि कोणती ओळ ठेवायची ते तुम्हाला ठरवू देतो. मी एका बैठकीत वीस-पंचवीस जोड्या काढतो. वेळ लागतो, पण इथे घाई नकोच.

मटचं काम दोन ओळींचं आहे. क्वेरी-कमांड म्हणून 'खार्ड ईमेल डॅश-डॅश-पार्सेबल' आणि पुढे टक्का-एस द्या, टॅबला 'कम्प्लीट-क्वेरी' बांधा. आता मेलच्या 'टू' रकान्यात चार अक्षरं लिहून टॅब दाबलं की नावं येतात. खार्डच्या उत्तराची पहिली ओळ ही माहितीची ओळ असते आणि मट ती स्वतःच गाळतो. एअर्क किंवा दुसरा काही मेल प्रोग्राम वापरलात तर 'रिमूव्ह-फर्स्ट-लाइन' हा पर्याय जोडा, नाहीतर यादीत पहिलं नाव विचित्र दिसतं. आलेल्या मेलवरून पत्ता घ्यायचा असेल तर तो मेल 'खार्ड ॲड-ईमेल'ला पाइप करणारा, म्हणजे एका कळीसरशी सोपवणारा, मॅक्रो बांधा. तो विचारून मगच जोडतो. प्रत्येक पाठवणाऱ्याला न विचारता जोडणारी व्यवस्था करू नका, महिन्याभरात वहीत सगळी जाहिरातवाली मंडळी भरतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, समोर असूनही न सापडणारी मराठी नावं. यावर मी बरेच दिवस घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याला हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. पण फाईलमधले बाइट मोजा. पहिल्या तऱ्हेने लिहिलेलं कऱ्हाडे २१ बाइटांचं भरतं, दुसऱ्या तऱ्हेने २४. शोधणारा प्रोग्राम बाइट किंवा चिन्हं जुळवतो, दिसणं जुळवत नाही. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून तुम्ही ऱ लिहिता, आणि कार्ड जर दुसऱ्या तऱ्हेने लिहिणाऱ्या फोनच्या कीबोर्डवरून आलं असेल तर ते नाव तुमच्या शोधाला कधीच लागणार नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे, सगळ्यांचं हेच. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप, करून हे सुटेल असं अनेकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. ते ऱ आणि नुक्तावाला र यांना एक करतं, पण झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला हात लावत नाही.

दुसरा असाच सापळा म्हणजे 'ॲ'. ॲड. देशमुख, ॲड. कुलकर्णी. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आले आहेत आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच देतात. दिसायला तेच, आत वेगळं, आणि नॉर्मलायझेशन इथेही उपयोगाचं नाही.

उपाय साधा आहे. पर्लची एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. ती सगळ्या व्हीसीएफ फाईलींमधून फिरेल, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की त्या जागी ऱ-हलन्त घालेल, आणि अ-अधिक-चंद्र दिसलं की एकसंध ॲ घालेल. मग गिटचा डिफ, म्हणजे काय बदललं ते, पाहा आणि कमिट करा. माझ्याकडे ती प्रत्येक सिंकनंतर चालते. पहिल्यांदा चालवली तेव्हा साठाहून जास्त कार्डं बदलली, आणि ज्यांना मी 'यादीत नाहीत' समजून दुसऱ्यांदा लिहिलं होतं अशी अनेक माणसं त्यात निघाली.

यात एक बारकावा आहे. व्हीकार्डमध्ये ७५ बाइटांच्या पुढे गेलेली ओळ तोडून पुढच्या ओळीवर एक जागा सोडून चालू ठेवायची पद्धत आहे. मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे जेमतेम पंचवीस चिन्हांत ओळ भरते. पत्ता किंवा टीप मराठीत असेल तर ती तुटणारच, आणि तुटते ती शब्दाच्या मधोमध. ४.० च्या नियमात एका चिन्हाचे बाइट तोडायला मनाई आहे, पण काही जुने प्रोग्राम तेही तोडतात. म्हणून नुसत्या ग्रेपने, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या साध्या आज्ञेने, शोधलंत तर गावाचं नाव हाती लागेलच असं नाही. 'खार्ड लिस्ट'नेच शोधा, तो आधी ओळी जोडतो आणि मग पाहतो. स्क्रिप्टमध्येही आधी ओळी जोडून घ्या.

रोमन आणि मराठी असा दुहेरी शोध हवा असेल तर टोपणनावाच्या रकान्यात दुसऱ्या लिपीतलं नाव घाला. ज्यांना बहुतेक इंग्रजीत मेल जातो त्यांचं मुख्य नाव रोमनमध्ये, बाकीच्यांचं मराठीत. मटमध्ये पत्ता भरताना कीबोर्ड बदलावा लागत नाही, हा मोठा दिलासा असतो.

राहिले वाकडे दिसणारे रकाने. ते सरळ करायच्या नादी लागू नका. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या घरांचा तक्ता. 'स्त्री' या एका अक्षरात सहा चिन्हं आहेत आणि ती किती घरं घेणार याबद्दल प्रोग्राम, टर्मिनल आणि फाँट यांचं एकमत होत नाही. माहितीत काही बिघडलेलं नसतं. यादी डोळ्यांना सुसह्य हवी असेल तर कॉन्फिगमध्ये नको असलेले रकाने बंद करा आणि सविस्तर पाहायचं तेव्हा 'खार्ड शो' वापरा. त्यात माहिती एकाखाली एक येते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर बाराशे नावांना मी दोन आठवडे धरीन, रोज संध्याकाळी तासभर. पहिल्या दिवशी फक्त एबुकमधून कार्डं काढणं, फोडणं आणि गिट. दुसऱ्या दिवशी सर्व्हर आणि एकाच वहीचं सिंक, तेही दहा-बारा कार्डांवर. ते दोन-तीन दिवस नीट चाललं की बाकीचं चढवा. मग रोज शंभर कार्डं डोळ्यांखालून घाला. मधली नावं, अधिक-९१, जुळी कार्डं, सगळं तेव्हाच.

एक काम मात्र कार्डं खार्डमध्ये येताच करून टाका. 'खार्ड फोन डॅश-डॅश-पार्सेबल' नंबर, नाव आणि प्रकार अशा सरळ ओळी देतो. मी त्यातल्या घरच्या पंचवीस माणसांच्या ओळी घेतो, अठरा पॉइंटच्या ठळक अक्षरांत एका कागदावर छापतो आणि आईच्या लँडलाइनशेजारी भिंतीला लावतो. नंबर बदलला की नवा कागद. तिला चष्म्याशिवाय वाचता येतो.